चपलांची रांग

डॉक्टरांनी आमच्या गार्गीबद्दल सांगितलं त्या दिवशी मी दवाखान्यातून दोन वेगवेगळ्या माणसांच्या चपला घालून घरी आलो.

दुसऱ्याचा जोड चुकून घालणारे पुष्कळ असतात. मी दोघांचं नुकसान केलं. डाव्या पायात तपकिरी, उजव्यात काळी, आणि काळी एका नंबराने मोठी. चेन्नईत दवाखान्यातही चपला बाहेर काढून जातात. दातांचा डॉक्टर असो, शिकवणी असो की नुंगंबाक्कममधल्या त्या बालविकासतज्ज्ञ बाई असोत, दाराबाहेर चपलांचा ढीग ठरलेला. साताऱ्याहून बँकेच्या बदलीवर येऊन आम्हाला चारच महिने झाले होते. पण त्या दिवशी मी साताऱ्यात असतो तरी चपला चुकलोच असतो.

बाई हळू आवाजात बोलत होत्या. हा आजार नाही, म्हणाल्या, ही मुलीची घडण आहे. ऑटिझम हा शब्द त्यांनी फाइलवर लिहिला आणि फाइल माझ्याकडे सरकवली. मी मान डोलावत होतो. हप्ता थकलेला माणूस माझ्यासमोर बसून डोलावतो तशी. बाहेर आलो, पाय मिळेल त्यात घातले आणि रिक्षा थांबवली.

रिक्षात गार्गी किंचाळायला लागली. तेव्हा ती चार वर्षांची होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. किंचाळत होती, माझ्या पायांकडे बघत होती, खाली वाकून माझी पावलं ओढत होती. मी बायकोला म्हणालो, "बघ नीलिमा, बाई म्हणाल्या तसंच. उगाचच चालू आहे." रिक्षावाला आरशातून बघत होता. मला घाम फुटला होता. हे आता जन्मभर असंच चालणार, एवढंच डोक्यात होतं.

घराच्या दारात चपला काढताना नीलिमाने खाली पाहिलं. गार्गी ज्यासाठी वीस मिनिटं ओरडत होती ते तिला तेव्हा दिसलं.

"तिला काय झालंय ते आज कळलं," ती म्हणाली. "तुम्हाला काय झालंय ते कुणाला विचारायचं?"

*

त्याचं उत्तर मला हळूहळू मिळालं. गार्गी आजारी नव्हतीच. आजारी मी पडलो. माझ्या आजाराचं नाव भीती, आणि त्याला अजून तरी औषध सापडलेलं नाही. ज्यांच्या हातात नुकतीच अशी फाइल आली असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. सल्ला द्यायची माझी लायकी नाही. पण भीतीत मी मुरलेला माणूस आहे, तेव्हा त्याबद्दल बोलू शकतो.

पहिल्या वर्षी मी गच्चीला भ्यायचो. दाराच्या कड्या रोज चार वेळा तपासायचो. मग बादलीतल्या पाण्याला भ्यायला लागलो, मग पाहुण्यांना, मग कुकरच्या शिट्टीला. शिट्टी झाली की गार्गी कानांवर हात दाबून पलंगाखाली जायची, म्हणून शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायचा आणि अर्धकच्ची डाळ खायची. शेजारच्या हॉलमध्ये लग्न असलं आणि नादस्वरम्, म्हणजे इकडची सनई, सुरू झालं की तिच्या आधी मीच खिडक्या लावायला धावायचो. दर एप्रिलला येणाऱ्या बदलीच्या यादीलाही भ्यायचो. पूर्वी मी बदली मिळावी म्हणून अर्ज करायचो. आता मिळू नये म्हणून करतो, कारण आठवड्यातून तीन दिवसांची थेरपी इथे बसली आहे, तिथल्या बाईंच्या हाताला गार्गी सरावली आहे, आणि नवी भिंत, नवा पंखा, नवा वास यांना सरावायला तिला वर्ष लागतं.

नीलिमाने शाळेतली नोकरी सोडली. "मी सोडली" असं ती म्हणते. खरं म्हणजे मी विचारलंच नाही, ती सोडेल असं धरून चाललो. यावरून आमची भांडणं झाली. गार्गीला आवाज सहन होत नाही म्हणून ती सगळी कुजबुजत करावी लागली. कुजबुजत भांडून बघा. धड राग येत नाही आणि धड जातही नाही.

साताऱ्याहून माझी आई फोन करायची. "बोलेल रे. तू तरी कुठे वेळेवर बोललास? आणि एकदा बोलायला लागलास तो थांबला आहेस का?"

हौसेने नाव ठेवलं होतं गार्गी. भर सभेत प्रश्न विचारणारी. आणि प्रश्न विचारायची वेळ आली आमच्यावर.

*

ती सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी तिने आईची चप्पल उलटी केली, तळव्यावरचा आकडा पाहिला, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाच."

तिचा पहिला शब्द. नीलिमा स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड दाबून रडली. मी माझी चप्पल पुढे केली. "आठ," गार्गी म्हणाली. त्या दिवसापासून घरात आई नाही, बाबा नाही. पाच आहे आणि आठ आहे. गार्गी स्वतः तेव्हा नुसती लहान होती, आता नवव्या वर्षी ती दोन आहे. ती भुकेली असली की नीलिमाजवळ येऊन "पाच" म्हणते. लोकांच्या मुली बापाला "बाबा" म्हणतात ते मी ऐकतो. थोडं दुखतं. पण ती माझ्याकडे बघून "आठ" म्हणते तेव्हा ते दुसऱ्या कोणाला उद्देशून नसतं हेही मला कळतं.

मग तिचा फेरा सुरू झाला. आमची इमारत चार मजल्यांची, आम्ही चौथ्यावर. प्रत्येक दाराबाहेर चपला. रोज संध्याकाळी पाच वाजता गार्गी वरपासून खालपर्यंत जायची आणि प्रत्येक दारातल्या चपला रांगेत लावायची. टोकं भिंतीकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत, जोड्या चिकटवून. मागून नीलिमा. वीस मिनिटांत गार्गी खालून वर यायची, दहीभात खायची आणि शांत झोपायची.

पहिल्या मजल्यावरच्या सरसाबाई तर तिची वाट बघायच्या. या तंजावरच्या मराठी, सत्तरीच्या. त्यांची मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आली आणि तमिळ हेल लावून राहिली. माझी मराठी त्यांना पसंत नाही. "तुम्ही पेपर वाचल्यावाणी बोलतां," म्हणतात. गार्गी दाराशी आली की त्या मुद्दाम आपली एक चप्पल पायाने लांब ढकलायच्या. "घे गे, तुझें काम वाढविलें."

सगळेच सरसाबाई नसतात. इमारतीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की कोणाचं तरी मूल आमच्या चपलांना हात लावतं, हे बरोबर नाही, आरोग्याच्या दृष्टीनेही नाही. नाव नव्हतं, पण चौथ्या मजल्यापर्यंत रोख पोचत होता. आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने चार शब्दांत सांगितलं असतं, माझी मुलगी अशी आहे, सांभाळून घ्या. मी तीन वेळा हात जोडलेली चित्रं पाठवली. आणि रविवारी जाऊन चपलांचं कपाट आणलं. झाकणाचं, कुलपाचं.

आमच्या चपला घरात, त्यात बंद; गार्गीच्या तेवढ्या थेरपीला लागतात म्हणून दारामागे. पाच वाजता दाराला कडी, फेरा बंद.

थेरपीच्या बाई म्हणाल्या, "एकदम थांबवू नका, सार. हळूहळू कमी करू." मी हो म्हणालो आणि घरी येऊन कुलूप लावलं. नीलिमा म्हणाली, "ती कुणाचं काय नेते? चार लोकांना घाबरून तिच्या हातातलं काम काढून घेताय." मी म्हणालो, "उद्या कोणी अंगावर ओरडलं तर तुला चालेल?" तेही कुजबुजतच. गार्गी आठ दिवस पाच वाजता त्या कपाटासमोर जाऊन बसत होती. ओरडली नाही. ओरडली असती तर मी कदाचित उघडलं असतं.

*

पुढचा रविवार. दुपारचे तीन. नीलिमा खाली सरसाबाईंकडे मुरुक्कू, म्हणजे चकल्या, तळायला हात लावायला गेली होती. घरात मी आणि गार्गी. पाण्याचा कॅन घेऊन माणूस आला. मी दार उघडलं, कॅन आत घेतला. तो उचलून स्टँडवर उलटा करणं हा पुरुषार्थाचा भाग समजून मी दरवेळी स्वतः करतो आणि दरवेळी सांडतो. या वेळी निम्मा ओटा भिजला. मी टॉवेल घेऊन ओटा पुसला, मग खालचे भिजलेले डबे एकेक काढून पुसत बसलो. अर्धा तास, फार तर पाऊण.

बाहेर आलो तर दार उघडं होतं.

पलंगाखाली नाही. पडद्यामागे नाही. न्हाणीघरात नाही. गार्गी हाक मारली तर ओ देत नाही, तरीही मी हाका मारत होतो. कोणी नाव विचारलं तर ती "दोन" म्हणेल. पत्ता विचारला तर काहीच म्हणणार नाही. हे मी पाच वर्षं रोज मनात पाहिलं होतं. आता ते खरंच घडत होतं आणि इतक्या सरावानंतरही मला काही सुचत नव्हतं.

चपला कपाटात, किल्ली कुठे ठेवली आठवेना. तसाच अनवाणी धावलो, आधी वर. गच्चीला कुलूप होतं. ते कुलूप मी दोनदा ओढून पाहिलं. मग खाली.

पहिल्या मजल्यावर सरसाबाई दारात आल्या, मागे पिठाच्या हातांनी नीलिमा. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

"किती वेळ झाला?"

"अर्धा-पाऊण तास. कॅन..."

तिने हात न धुताच चपला पायात सरकवल्या.

सरसाबाई खाली बघत होत्या. "थांबा हो. माझ्या दारच्या चपला पाहा. मघां एक तिकडे पडली होती. आतां सरळ आहेत."

मी जिन्यावरून वर बघितलं. मगाशी धावताना मला दिसलंच नव्हतं. प्रत्येक दारापाशी रांग होती. टोकं भिंतीकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत. आठ दिवसांचं राहिलेलं काम करत गार्गी खाली गेली होती.

"लेकरूं वाट दाखवून गेलें," सरसाबाई म्हणाल्या. "जा, पळा!"

फाटकाशी वॉचमन नव्हता, मोटर बंद करायला गेला होता. त्याच्या खुर्चीखालच्या रबरी चपला मात्र भिंतीला टोकं लावून बसल्या होत्या. म्हणजे ती फाटकाबाहेर. आमच्या गल्लीच्या उजव्या टोकाला बसचा मोठा रस्ता, डाव्या टोकाला रेल्वेचे रूळ. "तुम्ही डावीकडे," नीलिमा म्हणाली आणि पिठाच्याच हातात फोन धरून उजवीकडे पळाली. तिची पाठ दिसत होती, वेणी सुटली होती. माझ्यामुळे, एवढाच शब्द मला ऐकू येत होता.

डावीकडे वळणावर पिल्लैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ आहे. बाहेर तीन जोड होते. रांगेत.

मला आनंद व्हायला हवा होता. पण देवळापुढे रूळच होते. गाडी गेल्याचा आवाज आला आणि मी देवासमोर उभा राहून नमस्कार करायचंही विसरलो. डांबर तापलं होतं, पाय भाजत होते. शिंप्याच्या दुकानाबाहेर एक जोड होता, सरळ. पुढे काहीच नाही. बंद गोदाम, रिकामी भिंत. रांगा संपल्या होत्या.

मग गल्ली वळली आणि मला गर्दी दिसली.

रस्त्याच्या कडेला तीस-चाळीस माणसं उभी होती. कोणी बोलत नव्हतं. एक पांढरी गाडी मागचं दार उघडं टाकून उभी होती. एक बाई तोंडाला पदर लावून रडत होती. गर्दी रस्त्याच्या कडेला, आणि मुकी. अशी गर्दी कधी जमते ते मला माहीत होतं.

तिथपर्यंत फार तर वीस पावलं असतील. ती मी कशी चाललो ते सांगता येत नाही. मधेच मी थांबलो. हे लिहायला लाज वाटते, पण थांबलो. जोवर पोचत नाही तोवर ती जिवंत आहे, असं काहीसं वाटलं. मग नीलिमाला काय सांगायचं हे डोक्यात आलं आणि पाय उचलला.

जवळ गेल्यावर मांडव दिसला, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या, दारातून आत काचेची शीतपेटी आणि हार. त्या घरातला कोणी म्हातारा गेला होता. लोक दर्शनाला आले होते. दुसऱ्याच्या घरातलं मरण बघून माझ्या जिवात जीव आला. देव मला क्षमा करो.

आणि कुंपणाच्या भिंतीला लागून चपलांची रांग. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पन्नास-साठ जोड, सगळी टोकं भिंतीकडे. शेवटी गार्गी उकिडवी बसून एका चपलेचा तळवा वाचत होती. शेजारी कोणीतरी ताकाचा पेला ठेवला होता.

"तुमची मुलगी का, सार?" पस्तिशीचा एक माणूस पुढे आला. डोळे सुजलेले, कपाळावर विभूती. तो गेलेल्यांचा मुलगा होता. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये काहीतरी बोललो. लहान मुलीला इकडे पाप्पा म्हणतात. तो म्हणाला, "पाप्पा कोणाला त्रास देत नाही. नाव विचारलं, काही सांगितलं नाही. म्हटलं, बसू दे, कोणीतरी शोधत येईल. सकाळपासून इथे नुसता ढीग होता. कोणाला कोणाची चप्पल सापडत नव्हती."

मी त्याच्याच फोनवरून नीलिमाला कळवलं. "सापडली" एवढंच बोललो. "फाटकाशी थांबते," ती म्हणाली.

गार्गीने मान वर केली. माझ्या तोंडाकडे ती कधीच फारसं बघत नाही, तिने पायांकडे पाहिलं. अनवाणी, काळे, एका बोटातून रक्त.

"आठ," ती म्हणाली.

आणि उठली. रांगेवरून नजर फिरवत गेली, दाराजवळच्या टोकाला थांबली, एक तपकिरी जोड उचलला, तळवा पाहिला आणि आणून माझ्या पायांसमोर ठेवला. टोकं पुढे करून.

तो मुलगा त्या चपलांकडे बघत राहिला.

"अप्पांच्या," तो म्हणाला.

गेलेल्या माणसाच्या चपला, आणि तो अजून घरातच. साताऱ्याला हे कोणाला सांगितलं असतं तर माझी आई गावभर शांती करत फिरली असती. मी हात जोडले, गार्गीला म्हणालो, "नको गं बाळा, ठेव." तिने ठेवल्या नाहीत. माझ्या घोट्याला धरून पाय ओढायला लागली, अगदी त्या दिवशी रिक्षात ओढत होती तसा. ओठ थरथरायला लागले. आता किंचाळेल, या घरात, आज, म्हणून मी भिंतीला धरून उभा राहिलो.

"घाला, सार," मुलगा म्हणाला. "रस्ता तापलाय. आता त्यांना लागणार नाहीत." आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मी पाय घातले. बरोबर बसल्या.

*

भीती गेली का, असं कोणी विचारेल. नाही. दाराला आता वरची कडी आहे, गार्गीच्या गळ्यात आमच्या फोन नंबरचं पदक आहे, आणि आमच्यामागे हिचं कोण, हा प्रश्न रोज अंथरुणावर आमच्या मधोमध झोपतो. फरक पडला तो एवढाच की ग्रुपवर मी चार वाक्यं लिहिली. कोणाची मुलगी, कशी आहे, पाच वाजता काय करते. ज्याने तक्रार केली होती त्याच्याकडून उत्तर आलं नाही, पण त्याच्या दारातल्या चपला आता रोज जरा जास्तच विस्कटलेल्या असतात. कपाटात कांदे-बटाटे आहेत. तेराव्यानंतर मी तो जोड परत द्यायला गेलो, तर मुलाने घेतला नाही.

पण त्या दुपारचं राहिलंच. फाटकाशी नीलिमा उभी होती. ती सोवळ्या-ओवळ्याची पक्की. मर्तिकाच्या घरून आलं की आंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देत नाही. मी लांबूनच ओरडलो, "शिवू नकोस, तिथे मयत होतं!" तिने ऐकलंच नाही. गार्गीला तिथेच घट्ट धरलं. गार्गीला कोणी धरलेलं आवडत नाही, पण तिने दहापर्यंत मोजता येईल इतका वेळ धरू दिलं. मग सुटून वर पळाली.

आम्ही मागून जिना चढलो. मी सगळं सांगितलं, वीस पावलांचंही. दारात गार्गी थांबली होती. नीलिमाने चपला काढल्या, मग मी. गार्गीने त्या उचलून भिंतीशी लावल्या, स्वतःच्या शेजारी. दोन, पाच, आठ.

नीलिमाने रांगेतल्या शेवटच्या जोडाकडे पाहिलं. पिठाचे हात गालाला लागून गालांवर पांढरे पट्टे उठले होते.

"या वेळी निदान," ती म्हणाली, "दोन्ही एकाच माणसाच्या आहेत."